जॉबरची मर्जी

मुंबईच्या गिरणगावात काम मागायला माणूस गिरणीकडे जात नसे, जॉबरकडे जाई. मालक त्याने कधी पाहिलेला नसे. मॅनेजर लँकेशायरचा साहेब किंवा पारशी. त्याच्याशी बोलायला भाषा नाही आणि भाषा असली तरी धीर नाही. सकाळच्या भोंग्याआधी गेटसमोर गर्दी जमे आणि तिची नजर एकाच माणसावर असे. तो कुणाला मान हलवून आत घेतो आणि कुणाकडे पाहतच नाही, यावर त्या दिवशी किती चुली पेटणार ते ठरे.

माझी आजी वाइंडिंग खात्यात होती, वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर, आणि मी पुढे एका गिरणीत लेबर ऑफिसर झालो. तिघांच्याही आयुष्यात जॉबर होता. आजी त्याला वचकून असे, वडील त्याच्याशी भांडत आणि माझ्या टेबलावर त्याच्याविरुद्धचे अर्ज येत. कामाच्या जागी वाट्याला येणाऱ्या कठीण माणसाशी कसं वागावं, याबद्दल हल्ली पुष्कळ बोललं जातं. शांत राहा, मनाला लावून घेऊ नका, गोड बोलून काम काढा, असा सल्ला मिळतो. तो खोटा नाही, पण तो एकट्याला दिलेला सल्ला आहे. मुंबईच्या लाख-दीड लाख माणसांनी हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या हाताळला. त्यांनी काय काय करून पाहिलं आणि त्यातलं काय टिकलं, हा इतिहास मोठ्या संपांच्या इतिहासाखाली दबून गेला आहे. तो वर काढावा, असं मला मनापासून वाटतं.

साहेब आणि साचेवाल्याच्या मधला माणूस

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणीची कंपनी उभी केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. यंत्रं विलायतेची आणि ती बसवणारे, चालवून दाखवणारेही तिथलेच. कामगार मात्र रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुण्या-कोल्हापूरकडचे. पुढे मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेकडचे मोमीन विणकर आले, तेलुगू बोलणारे पद्मशाली आले. साहेब आणि हे कामगार यांच्या मधे एक माणूस हवा होता. त्याला यंत्र कळायला हवं, कामगारांची बोली यायला हवी आणि उद्या दहा माणसं कमी पडली तर दहा माणसं उभी करता यायला हवीत. हा माणूस गिरणीतल्याच चलाख कामगारांतून वर आला. कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांत त्याला सरदार म्हणत, मद्रासेकडे मेस्त्री. आमच्याकडे तो जॉबर किंवा मुकादम. त्याच्यावर हेड जॉबर आणि बायकांच्या खात्यात नायकीण.

सुताकापडाचा धंदा चढउताराचा. आज मागणी आहे, उद्या गोदामं भरलेली. कायमची माणसं पटावर ठेवून त्यांना पोसण्यापेक्षा हवी तेव्हा हवी तितकी आणायची आणि नको तेव्हा परत पाठवायची, हे मालकांना स्वस्त पडत होतं. ती आणण्या-पाठवण्याची जबाबदारी त्यांनी जॉबरवर टाकली आणि ती टाकताना त्याच्या अधिकाराला मर्यादा घातली नाही. तो माणसं कशी आणतो, त्यांच्याकडून काय घेतो, त्यांना कसं बोलतो, याची विचारपूस वरून होत नसे. कापड निघतंय ना, एवढंच पाहिलं जाई.

त्याच्या हातात काय काय होतं ते नीट पाहू. भरती त्याची. नवा माणूस कामाला लागला की त्याने पगारातला काही भाग जॉबरला द्यायचा, याला दस्तुरी म्हणत. पेरणीला, शिमग्याला, गणपतीला गावी जायचं तर रजा त्याच्याकडे मागायची आणि परतल्यावर जागा शाबूत हवी असेल तर पुन्हा काहीतरी हातावर ठेवायचं. कोणाला कोणता साचा द्यायचा तेही तोच ठरवी. विणकराचा पगार निघालेल्या मालावर. चांगला साचा, चांगलं सूत मिळालं तर चार पैसे सुटत. वरचेवर अडणारा साचा आणि तुटकं सूत मिळालं तर महिनाभर घाम गाळूनही हात रिकामा. कापडात दोष निघाला की ते कापड विणकराच्याच गळ्यात घालून त्याची किंमत पगारातून कापून घेत. काही गिरण्यांत एका खाड्याला दोन दिवसांचा पगार जाई. साहेबासमोर शब्द चाले तो जॉबरचा.

गेटबाहेर पडलं तरी सुटका नव्हती. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला मिळे, म्हणजे नव्या माणसाला पहिले सहा आठवडे उसनवारीवर काढावे लागत. कर्ज मारवाड्याकडून किंवा पठाणाकडून. रुपयाला महिना एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. त्या कर्जाला जामीन कोण? पुष्कळदा जॉबरच. राहायची खोली त्याच्या ओळखीने, जेवायची खानावळ त्याच्या नात्यातल्या बाईची, वाणसामान त्याने सांगितलेल्या दुकानातून. एकाच माणसाची मर्जी नोकरीवर, निवाऱ्यावर, जेवणावर आणि कर्जावर चाले. तो स्वभावाने चांगला निघाला तर माणूस तरला. तो तापट, लोभी किंवा खुनशी निघाला तर दाद मागायला जागाच नव्हती.

जॉबरलाही धास्ती होती

जॉबरला नुसता खलपुरुष ठरवून हा इतिहास कळत नाही. आमच्या चाळीत म्हातारे जॉबर राहत असत आणि त्यांच्याकडून ऐकलेली बाजू मला महत्त्वाची वाटते. जॉबरचं वजन त्याच्या माणसांवर होतं. सकाळी साचे बंद राहिले की साहेब पहिल्यांदा त्यालाच फाडून खाई. बऱ्याच गिरण्यांत जॉबरची कमाईही त्याच्या साच्यांवर निघणाऱ्या मालावर ठरे. त्याची माणसं नाराज होऊन दुसऱ्या जॉबरकडे, शेजारच्या गिरणीत गेली तर तो संपला. म्हणून तो उसने पैसे देई, मयतीला खांदा देई, चाळीतली भांडणं मिटवी, गावाकडून आलेल्या पोराला खोलीत झोपायला जागा करून देई. दस्तुरी घेणारा आणि अडीनडीला धावून येणारा, हे दोन्ही एकाच अंगात असत.

कामगारांना हे पुरतं ठाऊक होतं. जॉबरला आपली गरज आहे ही जाणीव हेच त्यांचं पहिलं हत्यार. वडील सांगत, की शहाणा साचेवाला जॉबरशी एकटा कधी भांडत नसे. तो आधी खोलीतल्या गाववाल्यांशी बोले. मग त्यांतला एखादा वयस्कर माणूस, ज्याचा शब्द गावात आणि चाळीत मानला जाई, जॉबरच्या घरी जाऊन बसे. चहा होई, गावच्या देवळाचा विषय निघे आणि उठताना म्हातारा म्हणे, ‘पोराला जरा सांभाळून घ्या.’ एवढ्याने पुष्कळदा काम होई. जॉबरही त्याच गावचा. होळीला तोही त्याच पालखीपुढे उभा राहणार. गावाची लाज हा त्याच्यावरचा मोठा लगाम होता.

पण ज्याच्यामागे गाव नाही, वजनदार म्हातारा नाही, त्याच्या बाजूने बोलणार कोण? दलित कामगारांना साचेखात्याचं दारच बंद होतं. धोट्यातून धागा विणकर तोंड लावून ओढत आणि तोच धोटा अनेकांच्या हातून जाई. विटाळाच्या नावाखाली सवर्ण विणकर दलितांना तिथे येऊ देत नसत आणि भरती करणारा जॉबर ही रीत मोडत नसे. चांगल्या पगाराचं खातं असं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापासून दूर ठेवलं गेलं. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि मागण्यांत त्याचा समावेश करायला लावला. चाळीतल्या चहावर आणि गावाच्या लाजेवर चालणारी व्यवस्था कुणाला वाचवते आणि कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवते, हे यातून उघड दिसतं. ओळखीने मिळणारा न्याय ओळख असलेल्यालाच मिळतो.

दुसरा मार्ग नोकरी सोडण्याचा. परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या पट्ट्यात एका भोंग्याच्या टप्प्यात तीन-चार गिरण्या. जॉबर पटला नाही तर माणूस दुसरीकडे जाई. कामगार फार गिरण्या बदलतात, टिकत नाहीत, अशी मालकांची कायमची तक्रार होती. पण तो बदल म्हणजे पुष्कळदा कठीण वरिष्ठाला दिलेलं उत्तर होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही किंवा आणून घ्यायचं नव्हतं.

तिसरा मार्ग हात उचलण्याचा. संध्याकाळी गेटबाहेर अंधारात जॉबरला गाठून चोप दिल्याचे प्रसंग घडत. त्याने एखाद्याचा राग निवे, पण दुसऱ्या दिवशी मार खाल्लेला जॉबर बदलून नवा येई आणि दस्तुरी त्यालाही द्यावी लागे.

नायकिणीचं खातं

गिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांतला सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता आणि त्या बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत असत. त्यांच्यावर नायकीण. कामावर घेणं, काढणं, सूत वाटून देणं तिच्याकडे. तिच्यावरही पुरुष हेड जॉबर असेच. म्हणजे बाईला दोघांची मर्जी राखावी लागे.

आजी नायकिणीबद्दल बोलताना आवाज खाली आणत असे, ती जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. तिची नायकीण सुताच्या पेट्या वाटताना ज्या बाईवर राग असे तिला मुद्दाम गुंतलेलं, कच्चं सूत देई. कांड्या भरायला वेळ लागे, मजुरी बुडे. सणाला साडीचोळी, गावाहून आले की काजू-आमसुलं, हे ठरलेलं. आजीने त्यावर काढलेली युक्ती साधी होती. खात्यातल्या चार-पाच बायकांनी आपसांत ठरवून घेतलं, की ज्या दिवशी एकीला वाईट सूत येईल त्या दिवशी बाकीच्या आपलं काम उरकल्यावर तिच्या कांड्या भरू लागायच्या. नायकिणीशी एक शब्द बोलायचा नाही, कुरकुर करायची नाही. काही दिवसांत नायकिणीच्या ध्यानात आलं, की एकीला शिक्षा केली तरी तिची मजुरी बुडत नाही. मग ती शिक्षा तिने आपोआप सोडली. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकटीवर येणारा त्रास सगळ्यांत वाटून घेतला की त्रास देणाऱ्याचा जोर संपतो, हे तिला कळलं होतं.

आजी हेही सांगे, की बाळंतपणानंतर तिला पुन्हा कामावर घेतलं ते याच नायकिणीने. तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन झोपवायचं आणि पाळीवर यायचं, असे ते दिवस. दुपारी पाजायला घरी पळण्याकडे नायकिणीने डोळेझाक केली, त्याचे उपकार आजी मरेपर्यंत मानत होती. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट टोचते. लेकराला दूध पाजणं हे आईला उपकार म्हणून मागावं लागत होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला असा पहिला कायदा. प्रसूतीच्या आगेमागे काही आठवडे रजा आणि दिवसाला आठ आणे भत्ता. रक्कम थोडी होती, पण ती मागताना नायकिणीचं तोंड पाहावं लागत नव्हतं. आजीच्या पिढीसाठी हा फरक रकमेपेक्षा मोठा होता.

मर्जीकडून नियमाकडे

एखादी गोष्ट माणसाच्या मर्जीतून काढून घड्याळावर, तारखेवर, कागदावर आणायची, ही कल्पना गिरणगावात फार आधी आली होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या वाचल्या की आज नवल वाटतं, इतक्या साध्या आहेत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. या मागण्या वरवर मालकांकडे होत्या. पण सुटी, विसावा आणि पगाराचा दिवस निश्चित झाला की जॉबरच्या हातातली तेवढी सत्ता कमी होणार होती. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

मोठी उलथापालथ १९२८ ची. एकेका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत अशा योजना काही गिरण्यांनी आणल्या होत्या, कामगार कपातीची भीती होती. २६ एप्रिलला सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ४ ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास माणसं बाहेर होती. याच काळात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, स्थापन झाली. अर्जुन आत्माराम आळवे तिचे अध्यक्ष झाले. ते स्वतः गिरणीत काम केलेले. श्री. अ. डांगे वगैरे कम्युनिस्ट पुढाऱ्यांची नावं इतिहासात ठळक आहेत. मला मात्र त्या युनियनने केलेलं एक काम सर्वांत मोठं वाटतं: गिरणी समित्या. प्रत्येक गिरणीत, खात्याखात्यांतून कामगारांनी आपली माणसं निवडली. ती वर्गणी गोळा करत, तक्रारी ऐकत आणि जॉबरला वगळून थेट मॅनेजरपुढे जात.

जॉबरच्या मध्यस्थीशिवाय कामगाराचा आवाज साहेबापर्यंत पोहोचला, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच घडत होतं. वडील तेव्हा लहान होते, पण त्यांनी थोरल्या माणसांकडून ऐकलेलं आम्हाला सांगितलं: त्या हिवाळ्यात साचेखात्यातले लोक जॉबरकडे मान वर करून पाहत. दस्तुरी मागणाऱ्याला ‘समितीत या’ असं उत्तर मिळे. मालकांना ही गोष्ट झेपली नाही. समित्यांशी ते बोलेनात, बारीकसारीक कारणांवरून संप होऊ लागले, वाडिया गटाच्या गिरण्यांतून कामगार काढले गेले आणि १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला. तो मोडला. समित्या विखुरल्या, जॉबर पुन्हा जागेवर बसला.

संप हरला, पण प्रश्न कागदावर आला होता. १९२८ च्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे गिरण्यांचे नियम, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स, कलमवार तपासले गेले. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयीचं रॉयल कमिशन नेमलं गेलं, त्यात कामगार पुढारी ना. म. जोशी सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने कामगार घेण्याचे आणि काढण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावा, अशी शिफारस केली. त्यानंतरचा काळ मी नोकरीत असताना जुनी दप्तरं चाळून समजून घेतला. १९३४ च्या कायद्याने सरकारने मुंबईत लेबर ऑफिसर नेमला, कामगारांची गाऱ्हाणी मालकांपुढे मांडायला. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कार्ड आणलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे; त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने पगार महिना संपल्यावर सात किंवा दहा दिवसांत देणं बंधनकारक झालं आणि दंडाला मर्यादा आली. १९३८ च्या मुंबई कायद्याने स्टँडिंग ऑर्डर्स सक्तीच्या केल्या: कोणत्या गुन्ह्याला कोणती शिक्षा, रजा कशी, कामावरून काढायची रीत काय, हे लेखी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर आवश्यक ठरवला. १९५० मध्ये बदली कामगारांची नोंदणी सरकारच्या योजनेखाली आली.

जॉबर एका दिवसात हतबल झाला असं नाही. बदली कार्ड कुणाला द्यायचं यात त्याची शिफारस चालेच आणि दस्तुरी लपूनछपून उरली. पण प्रत्येक पायरीवर त्याच्या हातातलं एकेक काही सुटत गेलं. आधी पगाराची तारीख, मग दंड, मग रजा, मग काढून टाकण्याचा अधिकार. शेवटी त्याच्याकडे उरलं ते त्याचं खरं कौशल्य: साच्याची नाडी ओळखणं.

टेबलाच्या या बाजूने

मी लेबर ऑफिसर झालो तेव्हा जॉबर नोकरी देऊ शकत नव्हता, पण साचा दुरुस्त करायला उशीर करू शकत होता. हे त्याचं शेवटचं शस्त्र. एका साचेवाल्याचा अर्ज आला, की जॉबर मुद्दाम छळतो. जॉबरचं म्हणणं, की हा माणूस उद्धट आहे, चारचौघांत अपमान करतो. दोघंही खरं बोलत होते. मी दोघांच्या स्वभावात शिरलो असतो तर वर्षभर तेच करत बसलो असतो. मी खात्याच्या भिंतीवर एक फळा लावून घेतला. साचा अडला की नंबर आणि वेळ लिहायची, दुरुस्त झाला की पुन्हा वेळ लिहायची. सगळ्यांच्या साच्यांसाठी, एकट्यासाठी नाही. काही आठवड्यांत त्या साचेवाल्याचा साचा इतरांइतक्याच वेळात दुरुस्त होऊ लागला. दोघांची मनं जुळली नाहीत. ते निवृत्त होईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. पण साचेवाल्याच्या पगारावर जॉबरच्या रागाचा परिणाम होणं थांबलं. एवढं माझं काम होतं आणि ते झालं.

त्या फळ्याने जॉबरचंही भलं झालं. साचा उशिरा सुरू होण्याचं कारण कधी स्पेअर पार्ट नसणं हेही असे, ते आता सगळ्यांना दिसू लागलं. मॅनेजरचा ओरडा जिथे जायला हवा तिथे, स्टोअरकडे गेला. कठीण समजला जाणारा माणूस पुष्कळदा दोन्हीकडून चेपलेला असतो, हे मी त्या खात्यात उभा राहून पाहिलं.

या इतिहासाची सावलीची बाजूही सांगितली पाहिजे. १९४६ च्या मुंबई कायद्याने एका वेळी एकाच युनियनला कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क दिला. जॉबरची सत्ता कमी करताना सत्ता पुन्हा एकाच ठिकाणी गोळा झाली आणि ज्यांचं तिथे ऐकलं जात नव्हतं त्यांच्या मनात असंतोष साचत गेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरण्यांच्या सार्वत्रिक संपामागे बोनस आणि पगाराइतकीच हीही कळ होती. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि त्यांच्याबरोबर जॉबरही गेला.

जॉबर गेला, पण जॉबरची रीत गेली नाही. बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणारा ऊसतोड कामगार आजही मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर त्या उचलीच्या ओझ्याखाली कोयता चालवतो. शहरातल्या सफाई कामगाराची, सुरक्षारक्षकाची नोकरी ठेकेदाराच्या हातात असते. काचेच्या इमारतीतल्या मुलामुलींची बढती, रजा आणि पुढच्या नोकरीसाठीचं शिफारसपत्र एकाच व्यवस्थापकाच्या लहरीवर अवलंबून असतं. त्यांना आपण सांगतो, साहेबाचा स्वभाव ओळखा आणि जुळवून घ्या. गिरणगावानेही तेच केलं, कितीतरी वर्षं, आणि त्यातून प्रत्येक पिढीला नवा जॉबर मिळाला.

स्वभाव बदलायचं काम देवाचं, पण अधिकार वाटून देण्याचं काम माणसांचं आहे. तुमच्या कामाच्या जागी कुणी असह्य झालं असेल तर त्याच्याकडे रजा आहे का, पगार आहे का, कामाची वाटणी आहे का, हे एकेक करून पाहा. जे एकट्याच्या हातात आहे ते कागदावर, तारखेवर आणि सगळ्यांसमोर आणा. आजीसारखं चार माणसं जोडून सुरुवात करा, कारण एकट्याने मागितलेला नियम मेहेरबानी म्हणून दिला जातो आणि मेहेरबानी म्हणूनच परत घेतला जातो. गिरणी कामगारांना हे शिकायला दोन पिढ्या आणि अनेक संप लागले. त्यांनी कमावलेलं हे शहाणपण आपण वापरलं नाही, तर ऊसतोड कामगाराच्या पोरांना ते पुन्हा पहिल्यापासून, तीच किंमत मोजून कमवावं लागेल.